दुपट्ट्याखालचा हात

जवळ ये पोरी. अजून थोडी सरक. तू अमरावतीत राजापेठेला आणि मी इकडे दर्यापुरात, मग जवळ येणार कशी? हे पान डोळ्यांजवळ धर आणि ऐक. कान उपटायचे आहेत तुझे, आणि ते काम लांबून होत नाही. मागच्या आठवड्यात तुझ्या क्लासला एका बाईचा फोन आला होता ना, पन्नाशीच्या बाईला स्कुटी शिकवता का म्हणून? ती मीच, तुझी मावशी. आवाज बदलला होता. पन्नाशीही खोटीच, साठी उलटून गेली, पण अनोळखी माणसाला खरं वय सांगायची सवय मला नाही.

मी फी विचारली. तू काय म्हणालीस? "थांबा हं मॅडम, सरांना विचारून सांगते." कोणते सर? क्लास तुझा, गाड्या तुझ्या, सकाळी मैदानावर घाबरलेल्या बायकांच्या मागे धावणारी तू. सर म्हणजे आमचे जावईच ना? ते देवमाणूस आहेत, पण गाडी चालवताना त्यांचे दोन्ही पाय जमिनीला घासत जातात. त्यांना विचारून तू फी सांगणार?

रागवायला म्हणून परत फोन लावायला घेतला आणि मलाच हसू फुटलं. कारण हे 'विचारून सांगते' आपल्या घरात आणलं कोणी, तर मी. तुझ्या आईने माझ्याकडून उचललं, तू तिच्याकडून. तेव्हा आज माझीच गोष्ट सांगते. एक आधीच सांगून ठेवते, बोलताना मी 'मले-तुले' करते, पण हातात पेन आला की आपोआप 'मला-तुला' होतं. पाहुणे आले की डोक्यावर पदर येतो ना, तसंच आहे ते. समजून घे.

आमचा धंदा संत्र्याचा, हे तुला माहीत आहे. नवख्या माणसाला इथेच हसू येतं. दर्यापूर हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी मचूळ. काळ्या रानात कापूस होतो, सोयाबीन होतं, हरभरा होतो, पण संत्र्याचं झाड लावलं तर ते बिचारं तोंड वाकडं करून मरतं. म्हणजे आमच्या मालकीचं संत्र्याचं एक झाड नाही आणि आम्ही संत्र्याचे व्यापारी. सासरे आठवडी बाजारात फळं विकायचे, पुढे आम्ही अकोल्याकडचे, अकोटाच्या बाजूचे बगीचे घ्यायला लागलो. बगीचा घेणं म्हणजे जमीन घेणं नाही बरं. फळ झाडावर असतानाच अंदाजाने विकत घ्यायचं. मग तोड आपली, गाडी आपली, आणि मध्येच गारा पडल्या तर त्याही आपल्याच.

तो अंदाज मी करायची. झाडांच्या ओळींतून फिरायचं, फांदी किती वाकली ते पाहायचं, पानाआड लपलेलं फळ पाहून न पाहिल्यासारखं करायचं. तुझ्या काकांना झाडाखाली उभं केलं की ते वर बघून म्हणायचे, "सावली मस्त हाय." एवढंच. त्यांचं काम पुढचं, सौद्याचं.

सौद्याची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. बैलबाजारातली, पण त्या बाजूच्या जुन्या बागाईतदारांनी संत्र्यातही चालवली. भाव तोंडाने बोलायचाच नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातात हात घेतात, वरून खांद्यावरचा पांढरा दुपट्टा टाकतात, आणि दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. एक बोट धरलं की एक, पूर्ण पंजा धरला की पाच, असा तो हिशेब. भोवती दुसरे व्यापारी बसलेले असतात, त्यांना काही कळत नाही. कळला तर ते वरचढ बोलतील, आणि शेजारचे शेतकरी उद्या तोच भाव मागतील. आणि या रीतीतला एक कायदा फार पक्का. ज्याचा हात दुपट्ट्याखाली, बगीचा त्याचा. हात सुटेपर्यंत तिसऱ्याने तोंड घालायचं नाही, आणि पुढच्या बहाराला शेतकरी त्याच हाताला बोलावतो.

आता परक्या पुरुषाचा हात चार लोकांत धरून मी बसणार होते का? शक्यच नाही. म्हणून डोकं माझं आणि हात तुझ्या काकांचा. बगीच्यातून फिरून आले की मी त्यांच्या कानात आकडा सांगायची आणि थोडी मागे, पदर सावरून बसायची. सौदा हाताबाहेर चालला असं वाटलं की मी पाणी मागायची. पाणी म्हणजे थांबा, अशी आमची खूण. एकदा उन्हाळ्यात मला खरंच तहान लागली. ऐन जमत आलेला सौदा तुझ्या काकांनी पाण्याच्या एका ग्लासासाठी मोडला. घरी येताना जीपमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की कावून.

कार्डावर नाव त्यांचं, फोन नंबर माझा. कोणी विचारलं, "मालक हायत का?" की मी सांगायची, आंघोळीला गेलेत, विचारून सांगते. मग फोन बाजूला ठेवायचा, भाजी परतायची, मनाशी आकडा जुळवायचा आणि परत उचलून सांगायचं, "ते म्हणून राहिले का एवढ्यात परवडत नाही." अमरावतीच्या मंडीत बरीच वर्षं असा समज होता की दर्यापूरचा तो व्यापारी दिवसातून पाच-सहा वेळा आंघोळ करतो आणि भावाला मात्र अगदी कडक आहे.

मला यात गंमत वाटायची, आणि खरं सांगू, मोठेपणाही वाटायचा. लोक म्हणायचे, काय नजर आहे तुमच्या मालकांची, नुसतं पाहून झाड तोलतात. मी मान खाली घालून हसायची. एखाद्याने माझ्या पोळ्यांची स्तुती करावी आणि श्रेय पोळपाटाला द्यावं, तसं ते होतं. पण हळूहळू काय झालं, मलाच ते पटायला लागलं. आपण आपल्या यांना मदत करतो, धंदा त्यांचा, असं मी तुझ्या आजीलासुद्धा सांगायची. सोंग इतकं चांगलं वठलं की सोंग घेणारीच फसली.

मग एका बहाराच्या तोंडावर तुझे काका बसस्टँडसमोर स्कुटर घेऊन पडले. एका बकरीला वाचवायला गेले. बकरीला काही झालं नाही, यांचा उजवा हात खांद्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. लोक भेटायला यायचे तेव्हा हात कसा मोडला हे ते रंगवून सांगायचे आणि दर वेळी बकरी थोडी मोठी व्हायची, शेवटी शेवटी तर ती म्हैस झाली होती.

मी मात्र कॅलेंडर काढून बसले. कारण अकोटाजवळच्या एका म्हाताऱ्या बागाईतदाराचा बगीचा त्याच दिवसांत ठरायचा होता. आमच्या धंद्याचा कणाच तो. तो गेला तर तोडीला येणाऱ्या बायका दुसऱ्याच्या गाडीत बसणार, मंडीतला आमचा कोपरा दुसऱ्याचा होणार. आणि डाव्या हाताने सौदा होत नाही, अशुभ मानतात.

माझा धाकटा दीर अकोल्याला केळीचा व्यापार करतो. तो धावून आला. माणूस वाईट नाही, पण धंद्याला भुकेला. म्हणाला, "वहिनी, तुमी कायले तकलीफ घेता? हात मी टाकतो. बगीचा तुमचाच." मी चहा दिला, बिस्किटं दिली आणि मनात म्हटलं, केळीवाल्याचा हात एकदा संत्र्यात शिरला की परत निघायचा नाही. पण दुसरा रस्ता दिसेना. मी तुझ्या काकांजवळ जाऊन बसले आणि विचारलं, भाऊजींना पाठवू का? ते छताकडे पाहत होते. म्हणाले,

"मी का होतो व? हातच होतो. तू सांगशील तितकी बोटं दाबत होतो. हात मोडला तं मोडला, डोकं कोठी मोडलं? तूच जाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकं मोठं प्रमाणपत्र मला कोणी दिलं नव्हतं. आणि ते छताकडे पाहून दिलं, म्हणजे बघ. मग त्यांच्या डाव्या हातावर मी बोटांची उजळणी केली. मी दाबायची, ते कळवळायचे.

जायच्या दिवशी माझी तयारी ऐक. मनात आलं, पुरुषाच्या कामाला चाललो तर बाईने जरा जास्तच बाईसारखं दिसावं, म्हणजे लोक नाव ठेवणार नाहीत. चांगलं जरीच्या काठाचं लुगडं काढलं. आणि चौकातल्या कासारणीकडे जाऊन दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरून घेतले. नवरीच्या हातात नसतील एवढ्या. काळी-पिवळी जीपमध्ये बसले तर शेजारच्या बाईने विचारलं, लग्न कोणाचं आहे?

बगीच्यात पोचले तर दीर मोटरसायकलवर आधीच येऊन बसलेला. "सहज आलो," म्हणाला. विहिरीजवळ ताडपत्री टाकलेली, दोन-तीन दुसरे व्यापारीही होते, दर वर्षीचेच. म्हातारेबुवांनी मला नमस्कार केला, बसा म्हणाले आणि बगीच्याबद्दल सगळं दिराशी बोलायला लागले. यंदा फळ कसं धरलं, पाणी कुठे कमी पडलं. केळीवाला काय सांगणार? तो माझ्याकडे पाहायचा, मी हळूच सांगायची, मग तो म्हाताऱ्यांना सांगायचा. मधल्या मध्ये आमचा जुनाच खेळ सुरू झाला, फक्त नवरा बदलून दीर आला. आणि मला त्यात काही गैर वाटेना, इतकी मी मुरलेली.

फिरून आलो. म्हाताऱ्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला आणि हात पुढे केला. माझ्या दिराकडे. दिराने बाही सरकवली. ती सरकवलेली बाही पाहिली आणि मला एकदम लख्ख दिसलं की आता हा हात गेला की माझी सगळी वर्षं त्या कापडाखाली गेली.

"बाबाजी," मी म्हटलं, "सौदा मी करते."

बोलताना आवाज एवढा बारीक निघाला की म्हाताऱ्यांना वाटलं मी पाणी मागतेय. त्यांनी पाणी मागवलं. मला परत सांगावं लागलं. म्हातारे रागावले नाहीत, उलट लाजून लाल झाले.

"माय, तुया हातात हात म्या कसा घालू?" ते म्हणाले. "लोकं का म्हनतीन? म्या घरच्या माणसाचाबी हात कधी चारचौघात धरला नाई."

हे खरं होतं, कारण घरचं माणूस तिथेच चहाचे कप घेऊन उभं होतं. त्यांची बायको. ठेंगणी, डोक्यावर घट्ट पदर, हातात कोपरापर्यंत माझ्यासारख्याच हिरव्या बांगड्या. तिने कप खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली.

"मंग म्या घालते," ती म्हणाली. "बगीच्याले पानी तं दोघायनं देल्लं ना?"

म्हातारे काही बोलणार होते, पण तेवढ्यात तिने त्यांच्या हातातून दुपट्टा ओढून घेतला. बायकांचा सौदा त्या बाजूला कोणी पाहिला नव्हता. विहिरीवरचे, शेजारच्या मळ्यातले, सगळे जवळ येऊन उभे राहिले. आम्ही हातात हात घेतले, वरून दुपट्टा टाकला आणि मी पहिलं बोट दाबलं.

छन्न.

पोरी, तुला काय सांगू. मुरलेला व्यापारी पाहिजे तेवढी बोटं एकदम मुठीत धरतो, हात हलतसुद्धा नाही. मी आपली एकेक बोट ओढत होते, गाईचं दूध काढावं तशी. आणि समोरची म्हातारीही आयुष्यभर म्हशी पिळलेली, तीही तसंच करत होती. मी एक बोट ओढलं की एक छन्न, दोन ओढली की दोन. तिने उत्तर दिलं की तिकडून तेवढेच आवाज. जो भाव जगापासून लपवायला दुपट्टा टाकला, तो भाव विहिरीपलीकडच्या माणसालासुद्धा ऐकू जात होता. माझा दीर तर ओठ हलवून मोजत होता. दुसरे व्यापारी आधी तोंडावर हात धरून हसले, नंतर हात काढून.

माझी काय गत झाली असेल? हात काढून घेतला तर सौदा मोडला, दीर बाही सरकवून तयारच. हात ठेवला तर प्रत्येक आकडा वाजतो. बांगड्या उतरवाव्या तर नवरा घरी प्लॅस्टरमध्ये पडलेला, सवाष्णीने भरल्या दुपारी चार लोकांत बांगड्या काढायच्या? हात झडले असते माझे. म्हातारीनेही माझ्या बांगड्यांकडे पाहिलं, स्वतःच्या पाहिल्या. तिच्याही मनात तेच. मी बांगड्या कोपराकडे दाबून पाहिल्या तर त्या दुप्पट वाजल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "बँड बोलावला हाय का गा?"

म्हातारीने दुपट्टा ओढून बाजूला टाकला. हात मात्र सोडला नाही.

"आयकून तं सारेच राहिले," ती म्हणाली. "मंग लपवतं कायले? तोंडानं सांग, किती देतं?"

आता हे बघ. झाडं मी पाहिलेली, आकडा माझ्या डोक्यात, समोर विचारणारी बाई. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"यायले विचारून..."

अर्धं निघालं आणि माझं मलाच ऐकू आलं. कोणाला विचारणार होते मी? ते घरी पडून बकरीची म्हैस करत होते. म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत होती, थट्टा नव्हती तिच्या डोळ्यांत, नुसती वाट पाहत होती. मी आकडा बोलले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. जरा जास्तच मोठ्याने, म्हातारे दचकले.

म्हातारीने थोडा वाढवून मागितला, मी थोडा चढले, ती थोडी उतरली. तेवढ्यात मागच्या एका व्यापाऱ्याने संधी साधून माझ्यापेक्षा वरचा आकडा टाकला. उघडाच होता भाव, कोणीही चढवू शकत होता. त्याच्याइतकं मला परवडलंच नसतं. म्हातारे पुढे झुकले. म्हातारीने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"बापू, हात हिच्या हातात हाय," ती म्हणाली. "सुटला का मंग बोलजो."

आणि सोडला नाही. सौदा ठरला. म्हाताऱ्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले, तो आनंद होता की पश्चात्ताप ते मी अजून विचारलेलं नाही. दिराने बाही खाली केली, बटण लावलं आणि मला मोटरसायकलवरून बसस्टँडपर्यंत सोडलं. वाटेत एकच वाक्य बोलला, "वहिनी, तुमचा आवाज लय मोठा हाय, हे मले मालूम नव्हतं." मलाही नव्हतं.

खरा गोंधळ नंतरचा. संध्याकाळपर्यंत तो भाव आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत पोचला. जो तो शेतकरी तोच भाव मागायला लागला आणि दुपट्ट्याखाली मिळेल त्याला कमीत गुंडाळायची सोय गेली. व्यापारी माझ्यावर भडकले. मंडीत म्हणायचे, बाईच्या हातात धंदा गेला की असंच व्हायचं. मी काही क्रांती करायला गेले नव्हते. चांगलं दिसायला म्हणून बांगड्या भरल्या होत्या, बाकी सगळं काचेने केलं. पण शेतकऱ्यांचे फोन यायला लागले. "भाव बोलून सांगनारी बाई तुमीच का?" म्हणून. न मागता नाव मिळालं आणि नावामागोमाग बगीचे.

पुढे अमरावतीला महिला उद्योजिकांचा एक मेळावा झाला, तिथे मला बोलावून शाल दिली. ओळख करून देणाऱ्या बाई म्हणाल्या, यांनी व्यवहारात पारदर्शकता आणली. मी उभी राहून बांगड्यांची खरी हकीकत सांगितली. सगळ्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, किती नम्र आहात हो. खरं सांगितलं तर नम्र, खोटं सांगितलं असतं तर बहुतेक विदुषी ठरले असते. मग एकीने विचारलं, घर आणि धंदा दोन्ही कसं सांभाळता? मी म्हटलं, बाई, घर तर धंद्याच्या आधीपासूनच बिघडलेलं होतं, धंद्यावर आळ घालू नका. तुझे काका शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, उजवा हात अजून नीट उचलत नव्हता म्हणून एका हाताने खुर्चीवर.

आता मी फार सुधारले असं समजू नकोस. अजूनही अनोळखी फोन आला आणि "मालक हायत का" विचारलं की जीभ आधी आंघोळीकडेच वळते. तिला ओढून परत आणावी लागते. मीच मालक म्हटलं की समोरचा जरा थांबतो, आणि त्या थांबण्यात मला अजूनही कसंतरी होतं, आपण कोणाची तरी चप्पल घालून आलो की काय असं. कधी वाटतं, ते जायचंच नाही. कधी वाटतं, न जाईना का, धंदा तर चालतो.

तुझा राग आला होता तो आता गेला बघ. लिहिता लिहिताच गेला.

म्हातारी आता थकली आहे. पण यंदाही तिने नातवाकडून निरोप पाठवला की फळ रंगावर आलंय, येऊन जा, तोवर मी दुसऱ्या कोणाशी सौद्याचं बोलणार नाही. मी पुढच्या आठवड्यात जाते आहे. तू तुझा क्लास दोन दिवस बंद ठेव आणि ये. तुझ्या काकांसाठी राजापेठेतून गरम कचोरी आण, त्यांना डॉक्टरने बंद केली आहे म्हणून जास्तच आठवते. एक रात्र आमच्याकडे राहा, सकाळी आपण दोघी जीपने जाऊ, झाडाखाली बसून संत्री खाऊ, म्हातारीला भेटू. तोड सुरू झाली की मग फक्त पानं दिसतात, बाई. त्याच्या आधी येजो.